सर्कस रेल्वेतून ट्रकवर का आली? कोलाडच्या रो-रो रॅम्पवर सापडतं अर्धं उत्तर

वरसे (ता. रोहा) : भाताची कापणी-झोडणी उरकली, खाचरं मोकळी झाली की आपल्याकडे जत्रा, उरूस आणि पालख्यांचा हंगाम सुरू होतो. आकाशपाळणे येतात, खेळण्यांची आणि खाजा-शेवेची दुकानं लागतात. मोठी सर्कस मात्र तालुक्याच्या गावी क्वचितच दिसते. तिचा तंबू बहुतेक वेळा नवी मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत लागतो, आणि तिथेही ती ट्रकने येते.

वरसे, भुवनेश्वर, रोहा, अष्टमी या पट्ट्यातल्या लोकांना यात एक गोष्ट खटकण्यासारखी आहे. दाराशी रेल्वे आहे. रोहा स्टेशनातून दिवसरात्र मालगाड्या जातात. मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते. मग हत्ती-घोडे आणि शेकडो माणसं घेऊन फिरणाऱ्या सर्कशीला रेल्वे सोयीची का नाही? एके काळी तर सर्कस रेल्वेनेच फिरायची. ती खाली का उतरली, हे समजून घेतलं तर आपल्या आंब्याच्या पेट्या, पेणच्या गणेशमूर्ती आणि छोट्या व्यापाऱ्याचा माल रेल्वेत का चढत नाही, हेही कळतं.

सर्कस आणि रेल्वे एकाच काळात वाढल्या

भारतातली पहिली सर्कस मराठी माणसाने काढली. सांगलीकडच्या अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे घोड्यांचे मोठे जाणकार. त्यांनी 1880 मध्ये ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस, कार्लेकरांची सर्कस अशा एकामागून एक सर्कशी त्याच भागातून निघाल्या. सांगली-मिरज पट्ट्याला सर्कशीचं माहेरघर म्हणतात ते यामुळेच.

छत्र्यांनी सर्कस काढली तेव्हा देशात रेल्वेचे मोठे मार्ग नुकतेच जोडले गेले होते. बोरघाटातून मुंबई-पुणे गाडी 1863 पासून धावत होती. मुंबई-कलकत्ता मार्ग 1870 मध्ये आणि मुंबई-मद्रास मार्ग 1871 मध्ये जोडला गेला. पाच-पन्नास घोडे, रानटी जनावरं, तंबू आणि माणसं घेऊन मुंबईहून कलकत्त्याला बैलगाडीने जाणं शक्य नव्हतं. रेल्वे नसती तर देशभर फिरणारी सर्कसही झाली नसती.

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. सर्कशीच्या बाबतीत हा शब्द अगदी खरा ठरला. रेल्वेच्या वाघिणीतून सर्कशीची वाघीण गावोगाव जाऊ लागली. पण हा प्रवास कधीच सोपा नव्हता.

पहिली अडचण : मैदान आणि स्टेशन यांतलं अंतर

रेल्वे स्टेशनापर्यंत जाते, मैदानापर्यंत जात नाही. सगळ्या खर्चाचं मूळ इथेच आहे.

समजा एका सर्कशीचं सामान चाळीस ट्रकांत मावतं. ट्रकने जायचं असेल तर माल दोन वेळा हलतो. एका मैदानावर भरायचा आणि दुसऱ्या मैदानावर उतरवायचा. रेल्वेने जायचं तर तोच माल चार वेळा हलतो. मैदानावर ट्रकमध्ये भरायचा, स्टेशनात ट्रकमधून वाघिणीत चढवायचा, पुढच्या स्टेशनात वाघिणीतून पुन्हा ट्रकमध्ये घ्यायचा आणि नव्या मैदानावर उतरवायचा. म्हणजे रेल्वेचं भाडं कमी पडलं तरी दोन्ही टोकांना ट्रक लागतातच. हमाली दुप्पट आणि तुटफूटही दुप्पट.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आंब्याची पेटी जितक्या हातांतून जाते तितका आंबा दबतो. पेणचा मूर्तिकारसुद्धा मूर्ती एकदा पेंढ्यात बसवली की ती मधे कुठे हलू नये, हेच बघतो.

दुसरी अडचण : रुळांची रुंदी

सांगलीकडच्या सर्कशींना आणखी एक मोठा त्रास होता. तो म्हणजे रुळांची रुंदी, म्हणजेच गेज. मुंबई-पुणे मार्ग रुंद रुळांचा, म्हणजे 1676 मिलिमीटरचा. पुणे-मिरज मार्ग मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा. मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे त्याहून अरुंद, 762 मिलिमीटरची.

एका रुळाची गाडी दुसऱ्या रुळावर चालत नाही. त्यामुळे मिरजेहून मुंबईला निघालेला माल पुण्याला एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत घ्यावा लागे. वर सांगितलेल्या चार हाताळण्यांत ही पाचवी. तंबूच्या गाठोड्यांचं एक वेळ ठीक आहे. पिंजऱ्यातला वाघ, बुजणारा घोडा आणि अनोळखी फळीवर पाय टाकायला तयार नसलेला हत्ती यांना फलाटावर गाडी बदलायला लावायची म्हणजे काय, याची कल्पना करा. पुणे-मिरज मार्ग रुंद झाला तो थेट 1971 मध्ये. छत्र्यांची सर्कस निघाल्यावर तब्बल 91 वर्षांनी.

अमेरिकेने काढलेली युक्ती

अमेरिकेतल्या सर्कशींनाही हाच प्रश्न पडला होता. पी. टी. बार्नम यांच्या सर्कशीने 1872 मध्ये रेल्वेने फिरायला सुरुवात केली. त्यांचे भागीदार डब्ल्यू. सी. कूप यांनी तेव्हा एक साधी युक्ती वापरली. माल गाडीतून काढून डब्यात भरायचाच नाही. मालाने भरलेली गाडीच चाकांसकट सपाट डब्यावर चढवायची.

त्यासाठी गाडीच्या शेवटच्या टोकाला उतरता रॅम्प लावायचा. दोन डब्यांमधल्या फटीवर लोखंडी पत्रा टाकायचा. मग घोडे आणि दोरखंड लावून एकेक गाडी मागच्या टोकाकडून ओढत पार इंजिनाकडच्या डब्यापर्यंत न्यायची आणि चाकाला ठोकळे लावून पक्की करायची. उतरवताना हेच उलटं. यामुळे चार हाताळण्यांच्या दोनच राहिल्या. अमेरिकेत आजही ट्रेलर अशा पद्धतीने एकामागोमाग एक रेल्वेवर चढवण्याला ‘सर्कस लोडिंग’ म्हणतात. नाव सर्कशीवरूनच पडलेलं आहे.

यात क्रमाला फार महत्त्व असतं. नव्या गावात पोचल्यावर सगळ्यात आधी लागतात तंबूचे खांब, मेखा, घण आणि स्वयंपाकाचं सामान. खुर्च्या आणि कपड्यांच्या पेट्या नंतर लागतात. म्हणून जे आधी लागणार ते रॅम्पच्या बाजूला ठेवावं लागतं. वाटेत गाडीचं तोंड बदललं तर हा सगळा हिशोब उलटा होतो. आपल्या बोरघाटात 1929 पर्यंत गाडीला मधल्या एका स्टेशनात दिशा बदलावी लागत असे. पुढचा डबा मागे आणि मागचा पुढे. भरताना हे लक्षात घेतलं नाही तर खांब तळाशी आणि खुर्च्या दारात, अशी गत व्हायची.

पुण्याचे प्रसिद्ध रिंगमास्टर दामू धोत्रे 1940 मध्ये अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली सर्कशीत गेले. रेल्वेने फिरणाऱ्या सर्कशीचा तिथला भर त्यांनी आतून पाहिला. त्या देशात एकाच रुंदीचे रूळ, सर्कशीच्या स्वतःच्या मालकीचे डबे आणि हंगामभराचं ठरलेलं वेळापत्रक होतं. आपल्याकडच्या सर्कशींना यातली सोय क्वचितच मिळाली. डबे रेल्वेचे, रूळ तीन प्रकारचे आणि गाडी मिळेल तेव्हा मिळेल.

जनावरांचे नियम

जनावर हा काही पोत्यातला माल नाही. त्याला पाणी लागतं, चारा लागतो, हवा लागते. केंद्र सरकारने 1978 मध्ये जनावरांच्या वाहतुकीचे नियम केले. ते सर्कशीपुरते नाहीत. बैल-म्हशी नेणाऱ्या शेतकऱ्यालाही लागू आहेत, म्हणून माहीत असलेले बरे. रेल्वेपुरते त्यातले काही मुद्दे असे :

• रुंद रुळावरच्या साध्या वाघिणीत दहापेक्षा जास्त मोठी गुरं भरायची नाहीत. मीटरगेजला सहा आणि अरुंद रुळाला चार.

• घोडे फक्त प्रवासी किंवा मिश्र गाडीने न्यायचे. साध्या मालगाडीने नाही.

• गुरं आणि घोडे रुळांना समांतर आणि एकमेकांकडे तोंड करून उभे करायचे. ब्रेक लागला की धक्का कसा बसतो, याचा विचार त्यामागे आहे.

• खाली सुमारे सहा सेंटिमीटर जाडीचा पेंढा अंथरायचा, म्हणजे बसताना जनावराला इजा होत नाही.

• सोबत माणूस हवा. घोडे दोनपेक्षा जास्त असतील तर डब्यात दोन माणसं हवीत.

• कडक उन्हाळ्यात डब्यावर पाणी मारायचं. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं तर घोड्यांच्या डब्यात बर्फाच्या लाद्याही ठेवता येतात.

• वाघिणीत स्वयंपाक करायचा नाही आणि उघडा कंदील ठेवायचा नाही.

आता घोड्यांचा नियम पुन्हा वाचा. घोडे प्रवासी गाडीने आणि तंबू मालगाडीने. म्हणजे एकच सर्कस दोन वेगळ्या गाड्यांनी जाणार आणि दोन वेगळ्या वेळी पोचणार. तंबू आधी पोचला तर निदान घोड्यांना सावली मिळते. घोडे आधी पोचले तर त्यांना बांधायचं कुठे, चारा कुठून आणायचा आणि रात्री राखण कोणी करायची, हा प्रश्न उरतोच.

उंचीचाही प्रश्न आहे. झाकलेल्या वाघिणीच्या दारातून मोठा हत्ती आत जायला हवा. उघड्या डब्यावर उभा करावा, तर वर विजेची तार. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग 2022 मध्ये विजेवर आला. त्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात. तारेच्या जवळ जाणंही जिवावर बेततं. तंबूच्या लांब खांबांचंही तसंच. खांब डब्याबाहेर आला तर शेजारी रिकामा डबा जोडावा लागतो. ठरलेल्या मापाबाहेरचा माल म्हटला की वेगळी परवानगी आणि कमी वेग आलाच.

माणसांचा जीव

सर्कस म्हणजे चालतं गाव. त्यात बायका-मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, चूल असते. मालगाडीला वेळापत्रक नसतं. वाटेत मेल-एक्स्प्रेसला रस्ता देत ती बाजूच्या लाइनीवर तासन् तास उभी राहते. कोकण रेल्वेवर हे जास्तच, कारण मार्गाचा मोठा भाग एकेरी आहे. रोहा ते वीर हा 47 किलोमीटरचा टप्पा दुहेरी झाला तो 2021 मध्ये. पावसाळ्यात तर या मार्गावर सगळ्याच गाड्यांचा वेग कमी केला जातो.

उभी गाडी किती धोक्याची असते ते अमेरिकेत दिसलं. 22 जून 1918 च्या पहाटे इंडियाना राज्यात हॅमंड गावाजवळ हॅगनबेक-वॉलेस सर्कशीची गाडी थांबली होती. एका डब्याच्या चाकाचा आस तापला होता. मागून सैन्याची रिकामी गाडी आली आणि तिच्यावर आदळली. त्या गाडीच्या ड्रायव्हरला झोप लागली होती. सर्कशीचे झोपायचे डबे लाकडी आणि उजेडाला रॉकेलचे दिवे. डबे पेटले आणि 86 माणसं गेली. वाघिणीत कंदील आणि चूल नको, हा नियम कागदावर किरकोळ वाटतो. त्याची किंमत काय असते, हे त्या रात्री कळलं.

ट्रकने बाजी का मारली

एवढ्या अडचणी असूनही सर्कशी कित्येक वर्षं रेल्वेने फिरल्या, कारण दुसरा रस्ताच नव्हता. मग दोन गोष्टी घडल्या.

पहिली, रस्ते सुधारले आणि ट्रक मोठे झाले. दुसरी गोष्ट रेल्वेच्या आत घडली आणि तिच्याबद्दल फार बोललं जात नाही. पूर्वी तुम्ही स्टेशनात जाऊन एक-दोन वाघिणी मागू शकत होता. तुमची वाघीण एखाद्या फुटकळ मालगाडीला जोडली जायची, मोठ्या यार्डात तोडून दुसऱ्या गाडीला लावली जायची आणि सावकाश का होईना पोचायची. 1980 च्या दशकात रेल्वेने हे धोरण बदललं. यार्डात वाघिणी तोडण्या-जोडण्यात दिवस वाया जात होते. म्हणून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पूर्ण गाडी, म्हणजे अख्खा रेक, नेण्यावर भर आला. कोळसा, सिमेंट, खत, धान्य, लोखंड यांना हे सोयीचं झालं. रेल्वेच्या बाजूने बघितलं तर हिशोब बरोबरच होता.

पण ज्याच्याकडे अख्ख्या रेकएवढा माल नाही, तो बाहेर पडला. सर्कस हा असाच गिऱ्हाईक. माल भरपूर, पण रेक भरेल इतका दर वेळी नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी प्रवास, पण ठरलेल्या मार्गावर नाही. आज नाशिक, मग जळगाव, मग इंदूर. रेल्वेला रोज त्याच दोन स्टेशनांत माल देणारा माणूस हवा असतो.

त्यात वेळेचा हिशोब सर्कशीला परवडत नाही. गावात पोस्टर लागलेलं असतं, मैदानाचं भाडं सुरू झालेलं असतं, पहिल्या खेळाची तारीख जाहीर झालेली असते. मालगाडी कधी पोचेल हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय रेक लागला की ठरलेल्या तासांत तो भरायचा किंवा रिकामा करायचा. उशीर झाला की डेमरेज, माल स्टेशनात पडून राहिला की व्हार्फेज. खेळ बंद असलेल्या प्रत्येक दिवशी तिकिटाचा एक रुपया येत नाही. कलाकारांचा पगार, जेवण आणि जनावरांचा चारा मात्र थांबत नाही. ट्रकने रात्री निघून सकाळी थेट मैदानात पोचता येतं. चाळीस ट्रकांतले पाच उशिरा आले तरी बाकीच्यांचं काम सुरू होतं. रेक अडकला की सगळीच सर्कस अडकते.

जनावरं गेली, भार हलका झाला

पुढे सर्कशीचं रूपच बदललं. केंद्र सरकारने 1991 मध्ये आणि नंतर 1998 मध्ये नव्याने अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने 2000 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 1 मे 2001 रोजी ही बंदी कायम ठेवली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यावरही बंदी आणायचा आदेश दिला. जनावरांचे आणि मुलांचे हाल बघता हे व्हायलाच हवं होतं.

पण वाघ-सिंह गेल्यावर गर्दी कमी झाली आणि मोठा खर्च झेपेनासा झाला. दुसरीकडे वाहतूक सोपी झाली. पिंजरे नाहीत, मांस नाही, पाण्यासाठी थांबे नाहीत. उरला तंबू, झुले, दिवे, खुर्च्या आणि माणसं. एवढ्यासाठी ट्रक पुरतात. ज्या देशात रेल्वेची सर्कस जन्मली तिथेही हेच झालं. रिंगलिंग सर्कशीचा रेल्वेने फिरणारा जुना संसार 21 मे 2017 च्या शेवटच्या खेळाने मोडला. 2023 मध्ये तीच सर्कस पुन्हा सुरू झाली ती जनावरांशिवाय, आणि सामान ट्रकवर घेऊन.

फिरता धंदा थांबला की काय होतं, हे 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या शेजारीच दिसलं. पुण्याची रॅम्बो सर्कस ऐरोलीत अडकून पडली. खेळ बंद, तिकीट बंद आणि कलाकार तंबूतच. त्याच वर्षी त्यांनी खेळ ऑनलाइन दाखवून पाहिला. ज्याची कमाई पुढच्या गावी पोचण्यावर अवलंबून आहे, त्याला वाहतूक म्हणजे भाकरीच असते.

कोलाडचा रॅम्प काय सांगतो

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. वरसे-रोह्यापासून दहा-बारा किलोमीटरवर कोलाड स्टेशन आहे. 1999 पासून इथून कोकण रेल्वेची रो-रो सेवा चालते. भरलेला ट्रक रॅम्पवरून सपाट वाघिणीवर चढतो, एकामागोमाग एक पुढे जातो, चाकाला अडसर लागतात, उंची तपासली जाते आणि गाडी गोव्यात वेर्णा किंवा कर्नाटकात सुरतकलकडे निघते. ड्रायव्हर-क्लीनर ट्रकमध्येच असतात. तिकडे उतरलं की ट्रक थेट गिऱ्हाइकाच्या दारात.

नीट बघितलं तर ही 1872 ची सर्कशीचीच युक्ती आहे. माल हलवायचा नाही, चाकांसकट गाडी हलवायची. घोडे आणि दोरखंडाऐवजी इंजिन आहे, एवढाच फरक. महामार्गावर घाटांत डिझेल आणि टायर घालवण्यापेक्षा ट्रकवाल्याला हे परवडतं. म्हणून सेवा पंचवीस वर्षांहून जास्त टिकली. उद्या एखाद्या सर्कशीला मुंबईकडून गोव्याला किंवा मंगळूरकडे जायचं असेल, तर तिचे ट्रक कोलाडला चढू शकतात. चार हाताळण्या, गाडी बदलणं, तंबू आधी की घोडे आधी, यातले बरेचसे प्रश्न इथे सुटलेले आहेत.

मग हे अर्धंच उत्तर का? कारण रॅम्प कोलाडला, वेर्ण्याला आणि सुरतकलला आहे. मधल्या गावांसाठी ट्रकची अशी सोय नाही. चिपळूणला खेळ लावायचा असेल तर या गाडीचा उपयोग नाही.

दुसरं कारण 2025 च्या गणपतीत दिसलं. 23 ऑगस्टपासून कोकण रेल्वेने पहिल्यांदाच चाकरमान्यांच्या खासगी मोटारींसाठी कोलाड-वेर्णा रो-रो सुरू केली. एका गाडीत 40 मोटारींची सोय, भाडं एका मोटारीला 7,875 रुपये, कोलाडहून संध्याकाळी निघून पहाटे वेर्ण्याला. अट अशी होती की कमीत कमी 16 मोटारींचं बुकिंग झालं तरच फेरी सुटणार. म्हणजे तुम्ही पैसे भरायला तयार आहात, रॅम्पही तयार आहे, पण सोबतचे पंधरा जण जमले नाहीत तर तुमची गाडी रस्त्यानेच जाणार. बहुतेकांचं घर रत्नागिरी-सिंधुदुर्गात. त्यांना गोव्यापर्यंत जाऊन मागे फिरणं कसं परवडेल? पुढे सिंधुदुर्गातल्या नांदगावला थांबा द्यावा लागला तो याच कारणाने.

सर्कशीला रेल्वेने सोडलं ते याच दोन गोष्टींमुळे. पुरेसा माल एका वेळी नाही, आणि उतरायचं ठिकाण रेल्वेच्या सोयीचं नाही. हत्तीचं वजन हे कारण कधीच नव्हतं. रेल्वे रोज त्याच्या हजारपट वजन ओढते.

शेतकऱ्याने यातून काय घ्यायचं

थोडा माल घेऊन जाणारी गाडी चालवता येते, हेही दिसलेलं आहे. 7 ऑगस्ट 2020 रोजी नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल निघाली. तिच्यात अख्ख्या डब्याची सक्ती नव्हती. वाटेतल्या स्टेशनांत शेतकरी थोडा माल चढवू-उतरवू शकत होता, आणि फळं-भाज्यांच्या भाड्यात 50 टक्के सवलत होती. म्हणजे ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, मधले थांबे आणि थोड्या मालाला जागा या चार गोष्टी असतील तर छोटा गिऱ्हाईकही रेल्वेत बसतो.

रोहा, पेण, माणगाव, सुधागड या तालुक्यांतून आंबा, भाजीपाला, वाल, पांढरा कांदा, मासळी आणि गणेशमूर्ती बाहेर जातात. यातल्या कुठल्याही एका शेतकऱ्याचा किंवा मूर्तिकाराचा माल रेक भरण्याएवढा नाही. एकत्र आले तर मात्र आठवड्याला काही ट्रक भरतात. शेतकरी उत्पादक कंपन्या, मूर्तिकारांच्या संघटना आणि बाजार समित्यांनी रेल्वेकडे मागणी करायची असेल, तर नुसतं ‘आमच्या स्टेशनात थांबा द्या’ एवढं पुरत नाही. कुठल्या वारी, किती ट्रक, कुठून कुठे आणि वर्षातले किती आठवडे, हे लिहून द्यावं लागतं. रेल्वेला भावना समजत नाहीत असं नाही, पण गाडी टनाच्या हिशोबावर सुटते.

सर्कस एकटी होती, रोज नव्या गावाला जाणारी होती. तिला असं लिहून देणं जमलं नाही. आपल्या तालुक्यांचा माल मात्र दर वर्षी त्याच महिन्यांत, त्याच रस्त्याने, त्याच बाजारांत जातो. आणि रॅम्प कोलाडला आधीच बांधलेला आहे.